ड्रम टर्निंग आणि हातमोजे : चूक माझी की पोराची?

घाटमाथा (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. कराडच्या अलीकडे हायवेला लागून माझं वर्कशॉप आहे. ट्रक-बसचे ब्रेक हेच मुख्य काम. लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर) बदलणं, ड्रम टर्निंग म्हणजे झिजलेला ड्रम लेथवर फिरवून आतून कापून सारखा करणं, अधूनमधून कारच्या डिस्क. कारखान्यांची धुराडी पेटली की उसाच्या ट्रॉल्याही येतात, म्हणजे ज्या ट्रॉल्यांना ब्रेक असतात त्या.

तीन आठवड्यांपूर्वी माझ्या हेल्परचं बोट गेलं. उजव्या हाताचं मधलं बोट, पहिलं पेर. ४१० मिलिमीटर व्यासाचा ट्रकचा ड्रम लेथवर होता, शेवटचा कट चालू होता. मी दारात एका ड्रायव्हरशी बोलत होतो. ड्रमच्या तोंडाशी जी कड राहते ती गेली का, हे बघायला पोरानं बोट लावलं. हातात पांढरे होजिअरीचे हातमोजे. कडेला बर (धातूचा धारदार कीस) राहिली होती, तिच्यात मोज्याचा धागा अडकला. मशीन जोरात असतं तर एकवेळ समजलो असतो. फेरे पन्नासच्या आसपास होते, म्हणजे सेकंदाला एक फेरासुद्धा नाही. मी पळत येऊन बटण दाबलं, त्यानंतरही ड्रम अर्धा फेरा गेलाच.

पोरगा आता बरा आहे. दवाखान्याचा खर्च केला, पगार चालू आहे. पण हा चर्चेचा धागा त्यासाठी काढलेला नाही. मला खातंय ते वेगळंच. ते हातमोजे मीच आणून दिले होते. डझनाच्या भावात, सेफ्टी म्हणून. वर त्याला दोनदा रागावलोही होतो, की मोजे घातल्याशिवाय ड्रमला हात लावू नकोस.

आता भिंतीवर नियमांची पाटी लावायची म्हणतोय. त्यावर काय लिहू? जाणकारांनी सांगावं.

चकवा (सोमवार, रात्री १०.१५)

वाचून वाईट वाटलं. उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर उभा आहे, म्हणून लिहायचा अधिकार आहे असं समजतो.

फिरत्या जॉबपाशी (लेथवर बांधलेल्या वस्तूपाशी) हातमोजा नाही म्हणजे नाही. कापडी नाही, चामड्याचा नाही, रबरी नाही. उघडं बोट घासलं तर कातडी जाते आणि हात आपोआप मागे येतो. मोजा अडकला की मशीन मोज्याला ओढतं आणि मोजा हाताला. तुम्ही म्हणता हळू फिरत होतं. अहो, हळू फिरतं तेव्हाच जास्त वाईट. लेथ खालच्या गियरला टाकला की फेरे कमी आणि ओढ जादा. पन्नास फेऱ्यांवरचा लेथ अख्खा शर्ट ओढून घेतो आणि मोटारीचा आवाजसुद्धा बदलत नाही.

हातमोज्याबरोबर या गोष्टीही मोजा : पूर्ण बाहीचा शर्ट (दुमडलेली बाही सुटते, त्यापेक्षा अर्ध्या बाहीचा बरा), गळ्यातला मफलर, करदोड्याचं लोंबणारं टोक, अंगठी, हातातला कडा, देवाचा गंडा. गंड्यावरून माझं एका पोराशी भांडण झालं होतं. शेवटी त्याच्या आईनंच तो दंडात बांधला, वर शर्टाच्या आत. मार्ग निघतो.

रांगडा_गडी (सोमवार, रात्री १०.५२)

सगळं पटतं, पण वस्ताद, एक सांगा. ट्रकचा ड्रम चाळीस-पन्नास किलोचा. त्याच्या कडा म्हणजे सुरीची पाती. घाट उतरून आलेल्या गाडीचा असेल तर वर तापलेला. तो मोज्याशिवाय उचलायचा कसा? दिवसाला दहा-बारा ड्रम काढतो आम्ही. प्रत्येक वेळी मोजे घाला, काढा, परत घाला, यात दिवस जाईल. लेथ वापरणाऱ्यानं डोकं जागेवर ठेवलं की झालं, बाकी सगळी नाटकं.

चकवा (सोमवार, रात्री ११.०५)

गडी, तुमचा पहिला प्रश्न एकदम बरोबर आहे. ड्रम चढवताना-उतरवताना मोजे हवेतच, आणि ते चांगले जाड हवेत. भानगड होते ती चढवणं संपून फिरणं सुरू होतं त्या क्षणाला. आमच्याकडे हेडस्टॉकवर (लेथचा जॉब फिरवणारा डोक्याकडचा भाग) स्विचच्या शेजारी एक खिळा आहे. मोजे त्या खिळ्याला अडकवायचे, मग हिरवं बटण. खिळा रिकामा दिसला की समोरचा कोणीही ओरडतो, ‘मोजे कुठायत?’ दहा सेकंदांचं काम आहे.

आणि डोकं जागेवर ठेवायचं म्हणाल, तर सकाळी नऊला सगळ्यांचंच असतं. संध्याकाळी सहाला, चौदाव्या ड्रमला, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असताना कोणाचं असतं ते सांगा.

निळीशाई (मंगळवार, सकाळी ७.३०)

मी आयटीआयमध्ये निदेशक आहे, टर्नर ट्रेड. मुलांना पहिल्या आठवड्यात एक प्रश्न विचारते : लेथवर हात कधी कापतो? सगळी म्हणतात, टूल कापताना. वर्षअखेरीला तीच मुलं वेगळं सांगतात. टूल कापत असतं तेव्हा सहसा कोणी हात घालत नाही. हात जातो तो जॉब बांधताना, मधेच माप घेताना, बर झटकताना, पॉलिश मारताना आणि मशीन थांबायची वाट न बघता. घाटमाथा यांच्याकडेही तेच झालं. पोरगा कापत नव्हता, तपासत होता.

म्हणून पाटीवर पहिली ओळ मोज्यांची नको. ‘तपासणी मशीन पूर्ण थांबल्यावर’ ही पहिली. कड, चर, माप, जे काही बघायचं ते थांबवून. बोटाला जे कळतं ते थांबलेल्या ड्रमवर जास्त नीट कळतं.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी संहिता आली) हे सगळं तेव्हाच लिहून ठेवलं होतं. कलम २१ मध्ये कुंपण घालायच्या भागांच्या यादीत लेथच्या हेडस्टॉकमागे बाहेर येणाऱ्या सळईचा नाव घेऊन उल्लेख होता. कलम २२ सांगत होतं की चालू यंत्राची तपासणी करावीच लागली, तर ती खास शिकवलेल्या माणसानं, घट्ट बसणाऱ्या कपड्यांत करायची. आणि ते कपडे मालकानं पुरवायचे. कलम ३५ डोळ्यांसाठी होतं. आपली छोटी वर्कशॉप त्या व्याख्येत बसत नव्हती म्हणून आपण सुटलो असं मानत आलो. कायद्यातून सुटलो, मशीनमधून नाही.

घाटमाथा (मंगळवार, सकाळी ८.१०)

ताई, ‘कापत नव्हता, तपासत होता’ हे वाचून थांबलो. खरं आहे. आणि खिळ्याची आयडिया आजच करतो.

एक कबुली. पोरं ड्रम थांबवायला तळहात लावतात. मीही लावतो. बटण बंद केलं की एवढं वजन फिरतच राहतं, वाट बघवत नाही.

चकवा (मंगळवार, सकाळी ८.२५)

ब्रेकच्या ड्रमला ब्रेक लावतो कोण, तर आपला तळहात! हसू नका, सगळ्यांनी केलंय. माझ्या डाव्या तळहाताला शिवणीची खूण आहे. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या ड्रमला ओतकामाची रेघ असते, बॅलन्ससाठी जोडलेला तुकडा असतो, चकचे (जॉब धरणाऱ्या पकडीचे) जॉ, म्हणजे जबडे, बाहेर आलेले असतात. फिरताना ते दिसत नाहीत.

अजून एक पाप म्हणजे फिरत्या ड्रमच्या आत बोटांनी एमरी पेपर धरून पॉलिश. ड्रम ही खोल परात आहे. आत गेलेला हात बाहेर निघायला एकच वाट असते. पॉलिश पाहिजेच तर लाकडी पट्टीला एमरी लावा आणि पट्टी दोन्ही हातांनी बाहेरून धरा. बोटाला गुंडाळलेला एमरी पेपर मोज्याचाच भाऊ.

डिझेलधूर (मंगळवार, सकाळी ९.००)

वाचतोय. चांगला धागा.

(थोडं अवांतर : माझ्या कारला ऐंशीच्या पुढे ब्रेक मारला की पेडल थरथरतं. गॅरेजवाला म्हणतो डिस्क फेसिंग (डिस्क लेथवर सपाट करणं) करा. करू का?)

चकवा (मंगळवार, सकाळी ९.२०)

डिझेलधूर, आधी डिस्क काढून हबचा गंज साफ करायला सांगा, आणि नट सारखे आवळलेत का ते बघायला. डायल (वाकडेपणा मोजायचं घड्याळ) लावून बघितलं तर शंभरातल्या निम्म्या गाड्यांत डिस्क सरळ असते आणि ती ज्यावर बसते ती जागा घाण असते. (शंभरातल्या निम्म्या हा माझा अंदाज, कुठे छापू नका.) वाकडी निघालीच तर डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. फेसिंगनंतर जाडी त्याच्या खाली जाणार असेल तर नवीन घ्या. आता धाग्यावर येऊ.

वायरमन_वाईकर (मंगळवार, दुपारी १.४५)

कोणी विजेचं बोललं नाही म्हणून लिहितो. घाटमाथा साहेब, तुमच्या लेथला स्टार्टर कुठला आहे? डीओएल (डायरेक्ट-ऑन-लाइन, बटणांचा) आहे, की नुसता फिरवायचा स्विच?

का विचारतो ते सांगतो. आमच्या भागातल्या एका वर्कशॉपमधली गोष्ट, मी स्वतः तिथे वायरिंगला होतो. ड्रम अर्धा झाला आणि लाईट गेली. मिस्त्री म्हणाला चहा घेऊ. चहा झाला, लाईट काही येईना, म्हणून त्यानं तेवढ्यात चकची किल्ली लावून जॉब सैल केला. म्हटला, तोवर उलटा करून बांधतो. स्विच ‘चालू’वरच होता, कारण बंद केलाच कोणी नव्हता, लाईट आपण होऊन गेली होती. आणि लाईट आली. किल्ली चकमध्ये, ड्रम अर्धवट सुटलेला. किल्ली उडाली ती पत्र्याच्या छताला भोक पाडून गेली, ड्रम बेडवर आदळून खाली आला. मिस्त्री बाजूला वाकला होता म्हणून वाचला. तो दोन फूट इकडे असता तर वाचला नसता.

डीओएल स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती कॉइल सुटते आणि कॉन्टॅक्ट उघडतो. वीज परत आली तरी हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन हलत नाही. फिरवायच्या साध्या स्विचला, किंवा उलट-सुलट फिरवायच्या ड्रम स्विचला, ही अक्कल नसते. आपल्याकडे लोडशेडिंग असताना हा फरक फार मोठा. जुन्या लेथांना बहुतेक तोच ड्रम स्विच असतो. तो काढायची गरज नाही, त्याच्या आधी डीओएल बसवा. लाल बटण मोठं, मशरूमसारखं, आणि अशा जागी लावा की गुडघ्यानंही दाबता येईल. एक हात अडकला तर दुसरा हात तो सोडवायलाच धावतो, बटण दाबायला मोकळा राहत नाही.

अर्थिंगही तपासून घ्या. ते सगळेच सांगतात आणि कोणी करत नाही.

रांगडा_गडी (मंगळवार, दुपारी २.३०)

हे मात्र माझ्याकडे घडलंय. ड्रम सुटला नव्हता, नुसता फिरायला लागला. मी तेव्हा खाली वाकून बर गोळा करत होतो. आमचा ड्रम स्विचच आहे. किती खर्च येईल वाईकर?

वायरमन_वाईकर (मंगळवार, दुपारी २.४०)

मोटार किती एचपीची ते कळवा, व्यनि (खासगी निरोप) करतो. एका चांगल्या लायनर सेटच्या आसपास समजा.

चकवा (मंगळवार, सायंकाळी ६.००)

किल्लीवरून आठवलं. चकच्या किल्लीला स्प्रिंग बसवून घ्या. हात सोडला की किल्ली आपोआप बाहेर पडते, चकमध्ये राहूच शकत नाही. आम्हाला वस्तादांनी शिकवलं होतं की किल्ली चकमध्ये असताना हात सुटला तर पाठीत रट्टा. स्प्रिंग जास्त माणुसकीची.

दुसरी गोष्ट खंडेनवमीची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीन धुऊन-पुसून पूजा. चकला झेंडूची माळ, टूलपोस्टला (कापायचं टूल धरणाऱ्या खांबाला) माळ, बटणांवर हळदकुंकू. दसरा झाला, पोरानं एकादशीला सकाळी हिरवं बटण दाबलं. माळेच्या दोऱ्यानं शेजारचा मोजपट्टीचा डबा, दोन स्पॅनर आणि पुसायचं फडकं असं सगळं गोळा करून अंगावर फेकलं. वर बंद करायला गेला तर दोन्ही बटणं कुंकवानं लाल. तेव्हापासून आमच्याकडे माळ हेडस्टॉकच्या वर, भिंतीला. मशीनला नमस्कार करा, हार तिच्या मागच्या भिंतीला घाला. देवाला चालतं.

निळीशाई (मंगळवार, रात्री ८.५०)

वस्ताद, खंडेनवमीची गोष्ट उद्या वर्गात सांगणार.

फेऱ्यांबद्दल थोडं, कारण यावर पोरं अंदाज मारतात. ४१० च्या ड्रमचा एक फेरा म्हणजे १.२९ मीटर. बिडासाठी (ड्रमच्या ओतीव लोखंडासाठी) कार्बाइड टूलनं साधारण ६० ते ९० मीटर प्रतिमिनिट वेग धरला तर फेरे येतात ४७ ते ७०. हायस्पीड स्टीलचं टूल असेल तर वीस-पंचवीस मीटरच, म्हणजे वीस फेऱ्यांच्या आत. आता समजा आधीचा जॉब बारीक होता, गियर ४५० फेऱ्यांवर राहिला आणि कोणी न बघता ड्रम चढवून बटण दाबलं. ड्रमची कड ताशी पस्तीस किलोमीटरनं फिरेल. चाळीस-पन्नास किलो बीड, तीन किंवा चार जॉच्या भरवशावर. म्हणून बटणाआधी गियरचा दांडा बघायचा, आणि जॉब हातानं एक पूर्ण फेरा फिरवायचा. कुठला स्टड किंवा जॉ टूलपोस्टला लागतोय का, ते त्या फेऱ्यात कळतं.

एक गफलत नेहमीची. लेथच्या टूल सरकवायच्या डायलवर अर्धा मिलिमीटर कट दिला तर व्यास एक मिलिमीटरनं वाढतो. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. अर्ध्याला एक समजून तो आकडा ओलांडलेले ड्रम रस्त्यावर फिरतायत.

मिशिगनमामा (बुधवार, पहाटे ४.२०)

डेट्रॉइटजवळ वीस वर्षं ब्रेकमध्ये आहे, मूळचा इस्लामपूरचा. कराडचं नाव बघून राहवलं नाही.

इकडे कारच्या डिस्क आता कोणी फारशा टर्न करत नाही, मजुरीत नवीन येते. ट्रकचे ड्रम मात्र होतात. १६.५ इंची ड्रमला ०.०८० इंचापर्यंत मोठा करायची मुभा आणि ०.१२० ला भंगार. म्हणजे दोन मिलिमीटरला टर्निंग थांबलं, उरलेला एक मिलिमीटर झिजायला ठेवायचा. हा आकडा तुमच्या ड्रमला लावू नका, तुमचा ड्रमवर वाचा. पण तत्त्व लक्षात घ्या. कमाल व्यासापर्यंत टर्न करून दिलेला ड्रम पहिल्याच घाटात कमाल व्यासाच्या पलीकडे जातो. आणि एका एक्सलचे दोन्ही ड्रम सारखे ठेवा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

ड्रम टर्न करण्यालायक आहे का, हे चढवण्याआधी बघा. टांगून हातोडीनं हलकं ठोका. चांगलं बीड घंटेसारखं वाजतं, तडकलेलं बद्द वाजतं. बद्द वाजणारा ड्रम लेथवर चढवायचाच नाही. आतल्या बाजूला निळे-काळे डाग असतील तर तिथे बीड तापून कडक झालेलं असतं. टूल त्यावर उडी मारतं, कार्बाइडचं टोक तुटतं आणि तुमच्या चेहऱ्याच्या दिशेनं येतं.

ड्रम नीट बसलाय का, याची जुनी युक्ती. पृष्ठभागाला जेमतेम शिवेल असा ओरखडा काढा. मशीन थांबवा, नट सैल करून ड्रम अर्धा फेरा फिरवून पुन्हा बांधा, दुसरा ओरखडा काढा. दोन्ही ओरखडे एकाच जागी आले तर ड्रम वाकडा. समोरासमोर आले तर तुमचं बसवणं वाकडं, कोन नाहीतर आर्बर (ड्रम ज्यावर बसतो ते शंकू आणि दांडा) घाण आहे. वाकडा बसवलेला ड्रम कापला की थडथडतो, आणि थडथडणारा ड्रम सुटतो.

चकवा (बुधवार, सकाळी ८.००)

मामा, ओरखड्याची युक्ती झकास. थडथडीवर इकडचा उपाय म्हणजे जुन्या ट्यूबची पट्टी ड्रमला बाहेरून ताणून गुंडाळायची, आवाजही मरतो आणि लाटाही पडत नाहीत. तिचं टोक मात्र आत खोचा, लोंबता ठेवू नका. लोंबतं टोक म्हणजे पुन्हा तेच.

जॉ आवळण्याबद्दल : सुटेल या भीतीनं पोरं पाइप लावून आवळतात. ड्रम त्यानं दबतो, दबलेल्या अवस्थेत गोल कापला जातो, आणि सोडला की तिकोनी होतो.

पांढरीपट्टी (बुधवार, दुपारी ३.१५)

मी सांगलीत डोळ्यांच्या ओपीडीत सिस्टर आहे. दर आठवड्याला वर्कशॉपची मुलं येतात. बिडाचा कण डोळ्यात गेलेला असतो सोमवारी, येतात गुरुवारी. तीन दिवसांत काय केलेलं असतं? मित्रानं रुमालाचं टोक फिरवलेलं. काडीला कापूस. एकानं तर स्पीकरचं चुंबक डोळ्याला लावलं होतं. तोवर लोखंड गंजतं आणि बुबुळावर गंजाचं कडं तयार होतं. नुसता कण काढणं सोपं असतं, तो गंज खरवडणं नाही.

कण गेला तर स्वच्छ पाण्यानं धुवा, चोळू नका, त्याच दिवशी या. आणि चष्मा बाजू बंद असलेला घ्या. नंबरचा चष्मा चालत नाही, कण बाजूनंच येतात.

ओसरी (बुधवार, रात्री ९.३०)

मी या धंद्यातली नाही, पण वाचत गेले आणि लिहावंसं वाटलं.

माझ्या वडिलांचं लायनर रिवेट करायचं दुकान होतं. शू (लायनर ज्यावर बसतं त्या कमानी) आले की जुने लायनर छिन्नीनं उडवायचे, नवे रिवेट करायचे, मग ग्राइंडरवर गोलाई द्यायची. राखाडी धूळ. दुपारी काँप्रेसरच्या हवेनं आधी शू फुंकायचे, मग बाकडं, शेवटी स्वतःचे कपडे. आम्हा मुलांना ते बघायला आवडायचं, बाबा ढगात उभे आहेत असं वाटायचं. संध्याकाळी आई त्यांचा शर्ट अंगणात झटकायची आणि आमच्याच कपड्यांत धुवायची.

त्या लायनरमध्ये काय होतं, ते दुकानात कोणी विचारलं नाही. खोक्यावर लिहिलेलं असेल तर आम्ही वाचलं नाही. बाबांचा खोकला पुढे गेला नाही. कशामुळे होता हे डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही आणि मीही इथे सांगणार नाही. फक्त एवढं विचारायचं होतं : तुमच्याकडे आता हवेनं फुंकतात का?

घाटमाथा (बुधवार, रात्री १०.००)

ओसरीताई, फुंकतात. आज सकाळीही फुंकलं.

मिशिगनमामा (गुरुवार, पहाटे ५.००)

ओसरी, तुमची पोस्ट वाचून बराच वेळ बसून होतो.

जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, त्याच्या धुळीसाठी इकडे १९९४ पासून नियम आहे. आठवड्याला पाचपेक्षा जास्त ब्रेकची कामं करणाऱ्या गॅरेजला बंद पेटीतला हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या गाळणीचा) व्हॅक्यूम किंवा कमी दाबाच्या पाण्यानं ओलं करून पुसणं, यातलं एक करावंच लागतं. त्याहून कमी कामं असली तर फवारा मारून ओल्या फडक्यानं पुसलेलं चालतं. हवेनं फुंकणं कोणालाच नाही. आणि क्रायसोटाइल (पांढऱ्या) अॅस्बेस्टॉसच्या ब्रेक-लायनिंगवर बंदीचा नियम इथे आला तो थेट मार्च २०२४ मध्ये. युरोपनं २००५ लाच केलं होतं. म्हणजे शहाणपणाची घाई कोणालाच नव्हती.

अॅस्बेस्टॉसचा तंतू डोळ्याला दिसत नाही, त्याला वास नाही, आणि आजार यायला वीस-तीस-चाळीस वर्षं लागतात. म्हणून फुंकणाऱ्याला आज काहीच होत नाही. साधा कापडी रुमाल किंवा सर्जिकल मास्क यासाठी कामाचा नाही.

निळीशाई (गुरुवार, सकाळी ७.१५)

त्या काळाला धरूनच आपल्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९९५ च्या निकालात सांगितलं होतं की अॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतलं जे उशिरा असेल तोवर जपून ठेवायच्या. चाळीस वर्षं. आपल्याकडच्या गॅरेजात हजेरीची वही चाळीस दिवस टिकत नाही.

खोक्यावर ‘नॉन-अॅस्बेस्टॉस’ लिहिलेलं नवं लायनर असेल तरी ड्रममध्ये साठलेली धूळ जुन्या लायनरची असते, हे विसरू नका. उघडायच्या आधी ड्रमवर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा, मग ओलं फडकं, फडकं आणि गाळ जाड पिशवीत बांधून बंद. कामाचे कपडे वर्कशॉपमध्येच बदलायचे, वेगळे धुवायचे. झाडू मारायचाच तर फरशी ओली करून.

रांगडा_गडी (गुरुवार, सकाळी ९.४०)

ओल्या ड्रमवर टूल लावलं तर चिखल होतो की. बीड कोरडंच कापतात.

चकवा (गुरुवार, सकाळी ९.५५)

गडी, ओलं साफसफाईसाठी. पुसून कोरडा करून मग लेथवर. कापताना पडणारा काळा भुगा ब्रशनं खाली ओढायचा, हातानं नाही, हवेनं तर नाहीच. आणि पुसायला पेट्रोल वापरू नका, शेजारी ग्राइंडर आणि वेल्डिंग चालू असतं. तो स्प्रेचा ब्रेक क्लीनरही वेल्डिंगपासून लांब. क्लोरिनवाला असला तर आर्कपाशी विषारी वायू होतो.

रांगडा_गडी (गुरुवार, सकाळी १०.०५)

बरं. काँप्रेसरची नळी बाकड्यापासून काढून टायरच्या बाजूला नेली. समोर नसली की कोणी वापरणार नाही. माझ्या दोन्ही पोरी संध्याकाळी गॅरेजवर डबा घेऊन येतात, ओसरीताईंचं वाचून तेच डोळ्यांपुढे आलं.

ओसरी (गुरुवार, दुपारी १२.३०)

धन्यवाद, दादा.

घाटमाथा (रविवार, रात्री ८.२०)

उशिरा लिहितोय, चार दिवस धावपळ होती.

पाटी लिहिली. मोठी यादी केली होती, सगळी खोडली आणि चारच ओळी ठेवल्या, कारण चारापेक्षा जास्त ओळी आमच्याकडे कोणी वाचत नाही, मी धरून. पूर्ण थांबल्यावर तपास. मोजे खिळ्याला, मग बटण. किल्ली हातात, चकमध्ये नाही. हवा मारायची नाही. पांढरे होजिअरीचे मोजे राहिले होते ते पोत्यात भरून दिले, ड्रम उचलायला चामड्याचे आणले. चढवायला चेन पुली बसवतोय, पुढच्या महिन्यात.

वाईकर स्वतः आले होते, डीओएल बसवून गेले. त्यांनी पैसे फक्त सामानाचे घेतले, हे इथे लिहू नका म्हणाले होते म्हणून लिहितोय.

पोरगा काल आला. अजून पट्टी आहे, लेथपाशी जायला तयार नव्हता. मी काही बोललो नाही. वाईकर स्टार्टर तपासत होते तेव्हा त्यांनीच त्याला हाक मारली. रिकामा चक चालू केला, पोराला मेन पाडायला सांगितलं. चक थांबला. मेन वर कर म्हणाले. त्यानं केला आणि दोन पावलं मागे सरला. चक हलला नाही. परत पाडला, परत वर केला. नाही हलला. मग वाईकर चहाला बाहेर गेले तरी तो एकटा सात-आठ वेळा तेच करत होता.

चकवा (रविवार, रात्री ८.४५)

करू दे. मेन स्विच झिजला तर मी पाठवतो. आणि पाटीचा फोटो टाका.